चावीच्या पोटातली चावी

पहाटेचे पावणेसहा. स्थळ : माढा, जिल्हा सोलापूर. माझं आजोळ. अंगणात माझी गाडी (निम्मी माझी, निम्मी बँकेची). ओट्यावर आजी, नऊवारीवर मामाचा स्वेटर चढवून, मांडीवर दवाखान्याच्या कागदांची पिशवी घेऊन एकदम तयार. आणि गाडीसमोर मी. हातातल्या चावीचं बटण दाबतेय. एकदा, दोनदा, दहादा. हात उंच करून, चावी दाराला चिकटवून, शेवटी तर ती तळहातावर आपटूनसुद्धा.

गाडी ढिम्म!

ना तो ओळखीचा ‘टुंक’ आवाज, ना इंडिकेटरचं डोळे मिचकावणं. आदल्या रात्री साडेदहाला याच चावीनं याच गाडीला लॉक करून मी मामीच्या हातची गरम भाकरी खायला बसले होते. आणि आता ही बया मला ओळखसुद्धा दाखवायला तयार नाही.

“चालू हुईना व्हय गं?” आजीनं विचारलं.

“चालू व्हायचं लांबच आजी, उघडतच नाहीये.”

“मग किल्ली लाव की.”

आता हिला काय सांगू? गाडी घेताना शोरूममधला मुलगा मला म्हणाला होता, “मॅडम, यात चावी लावायची भानगडच नाही. पर्समध्ये ठेवायची आणि बसायचं.” त्या एका वाक्यावर भाळून मी वरचं मॉडेल घेतलं. पर्सला हात न लावता दार उघडायचं आणि बटण दाबून गाडी सुरू करायची, यात जो रुबाब आहे ना, त्याचे हप्ते मी अजून फेडतेय. आणि आजी म्हणते, किल्ली लाव. लावू कुठे?

तर झालं होतं असं. आजीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेलेली. एकदा दिवाळी होती म्हणून, एकदा मामाच्या उसाला तोड आली म्हणून. तिसरी तारीख मिळाली जानेवारीतल्या शुक्रवारी, सोलापूरला, सकाळी नऊच्या आत हजर. मी मोठ्या तोऱ्यात फोनवर सांगून टाकलं, “वडाप-बिडाप काही नको, मी गाडी घेऊन येते.” गुरुवारी एक डेडलाइन उरकून निघाले. टेंभुर्णीला हायवे सोडला, कुर्डुवाडीपर्यंत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागे जीव मुठीत धरून आले, आणि रात्री माढ्यात पोचले. सगळं कसं प्लॅनप्रमाणे!

खरं तर गाडी मला गेले तीन आठवडे सांगत होती. डॅशबोर्डवर रोज एक पिवळा मेसेज यायचा : चावीची बॅटरी कमी आहे. मी तो रोज वाचायचे आणि रोज बंद करायचे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ‘अपडेट करा’ आलं की आपण ‘नंतर आठवण करा’वर क्लिक करतो ना, अगदी तस्सं. शिवाय गेल्या महिन्यापासून पार्किंगच्या टोकावरून लॉक होणारी गाडी अगदी दारात गेल्याशिवाय ऐकेनाशी झाली होती. तीही एक खूणच. पण एवढंसं काय, बघू की!

बघितलं. पावणेसहाला.

आता पुढचा सीन. कंपनीच्या रोडसाइड हेल्पलाइनला फोन. “मॅडम, आपलं लोकेशन?” “माढा.” “मढ आयलंड? मुंबई?” “नाही हो, माढा. कुर्डुवाडीजवळ. सोलापूर जिल्हा.” की-बोर्डची टकटक. मग उत्तर आलं की मेकॅनिक तीन ते चार तासांत पोचेल. तोपर्यंत आजीची तिसरी तारीखही गेली असती. मामा म्हणाला, “एसटी बघू का?” मामी म्हणाली, “शेजारच्यांची जीप मिळते का विचारते.” आजी काहीच म्हणाली नाही. ती नुसती पिशवीचे बंद सोडत-बांधत बसली होती. मला तेच जास्त लागलं.

गाडीचं मॅन्युअल कुठे असतं? ग्लोव्ह बॉक्समध्ये. ग्लोव्ह बॉक्स कुठे असतो? बंद गाडीत. सही ना? शेवटी मी माळवदावर चढले, कारण घरात रेंज नाही. तिथे एका काडीवर मॅन्युअलची पीडीएफ उतरवली. पाचशेच्या वर पानं. त्यातलं एक पान मी गाडी घेतली त्या दिवशी वाचलं असतं, तर हा कॉलम लिहायची वेळ आली नसती.

त्या पानावर काय होतं? मंडळी, तुमची चावीही बिनकाड्याची स्मार्ट चावी असेल, तर ती आत्ता हातात घ्या. कडेला किंवा मागे एक छोटा खटका असतो. तो सरकवून ओढलं की चावीच्या पोटातून निघते... चावी! चांगली खरीखुरी, लोखंडी, आजोबांच्या कपाटाला असते तशी. आणि ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीजवळ तिच्यासाठी कुलपाचं भोकही असतं. काही गाड्यांत ते एका प्लॅस्टिकच्या टोपणाखाली लपवलेलं असतं, म्हणून आपल्याला कधी दिसतच नाही. वर्षभर मी ती चावी पोटात घेऊन हिंडत होते आणि मला पत्ता नव्हता.

दार उघडलं. आणि त्याच क्षणी गाडीचा अलार्म बोंबलायला लागला! कारण रिमोटनं लॉक केलेली गाडी लोखंडी चावीनं उघडली, की बऱ्याच गाड्यांना वाटतं चोर आला. अख्खी गल्ली जागी. समोरचे आजोबा काठी घेऊन बाहेर. मामेभावाचा चौदा महिन्यांचा मुलगा भोकाड पसरून वहिनीच्या कडेवर. मी सीटवर उडी मारली, मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे क्लचवर पाय दाबला आणि स्टार्टचं बटण बोटानं न दाबता चावीच्याच नाकानं दाबलं.

घुर्रर्र... सुरू! अलार्म बंद. आजोबा काठीसकट आत गेले.

“बगितलंस? किल्ली लाव म्हणलं व्हतं,” आजी मागच्या सीटवर बसत म्हणाली. मी गप्प.

मोहोळमार्गे सोलापूरला जाताना डोक्यात एकच किडा : बॅटरी संपलेली चावी गाडीला कळली कशी? दवाखान्यात आजी आत गेल्यावर बाकड्यावर बसून वाचत बसले. फंडा असा आहे. आपल्या चावीत दोन वेगवेगळी माणसं राहतात असं समजा. एक बोलका, एक मुका. बोलका म्हणजे एक चिमुकला रेडिओ. दाराच्या मुठीला हात लागला, की गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास एक हळू हाक मारते. ती जेमतेम हातभर-दोन हात ऐकू जाते. चावी ती ऐकते आणि ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास ओ देते. ही ओ दर वेळी वेगळ्या कोडमध्ये असते, म्हणजे कुणी चोरून रेकॉर्ड केली तरी तीच पुन्हा वाजवून सहजासहजी उपयोग नाही. या बोलक्याला खायला बॅटरी लागते. आणि गाडी कधी हाक मारेल म्हणून तो रात्रंदिवस कान देऊन असतो, म्हणून वापरली नाही तरी बॅटरी झिजत राहते. साधारण दोन-तीन वर्षं टिकते. माझी गाडी आधीच कुणीतरी दोन वर्षं वापरलेली, तेव्हा हिशेब जुळला.

दुसरा मुका म्हणजे इमोबिलायझरची चिप. तिला बॅटरीच लागत नाही. चावी स्टार्ट बटणाला टेकवली, की बटणामागच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला तेवढ्यापुरती ऊर्जा मिळते आणि ती आपला नंबर सांगते. तुमच्या गळ्यातलं ऑफिसचं ॲक्सेस कार्ड याच तत्त्वावर चालतं. त्यात कुठे बॅटरी असते? तरी दार उघडतंच ना! (काही गाड्यांत चावी बटणाला न टेकवता गियरजवळच्या खाचेत किंवा कप होल्डरमध्ये ठेवायची असते. तुमच्या गाडीचं ते एक पान वाचून ठेवा. आत्ता. पार्किंगमध्ये, उजेडात.)

ऑपरेशन छान झालं. संध्याकाळी डोळ्यावर पट्टी लावून आजी घरी. शनिवारी सकाळी पट्टी काढायला पुन्हा सोलापूर. प्रत्येक वेळी पोटातली चावी काढा, दार उघडा, अलार्म ऐका, नाकानं बटण दाबा. गल्लीला आता सवय झाली होती. पण पट्टी काढून, काळा चष्मा लावून आजी घरी आली, तेव्हा म्हटलं, बास! आता बॅटरी बदलायचीच.

खटक्याची चावी काढली की जी फट दिसते, त्यात दहा रुपयांचं नाणं घालून हलकेच पिळलं की चावीचे दोन भाग होतात. ‘कट्’ असा आवाज येतो आणि पोटात गोळाही येतो, पण घाबरायचं नाही. आत नाण्यासारखी चपटी बॅटरी. वर कोरलेलं : सीआर २०३२. हा काही कंपनीचा गुप्त कोड नाही, सरळ माप आहे. पहिले दोन आकडे म्हणजे २० मिलिमीटर व्यास, पुढचे दोन म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ असेल तर तेवढीच रुंद पण अडीच मिलिमीटर जाड. सीआर १६२० असेल तर १६ मिलिमीटर रुंद, २ मिलिमीटर जाड. ‘सी’ म्हणजे आतली लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडची जोडी, ‘आर’ म्हणजे गोल. व्होल्टेज सगळ्यांचं ३.

बाजारात आधी घड्याळवाल्या काकांकडे गेले. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, सेल हातात घेतला आणि मान हलवली. मनगटी घड्याळातले बहुतेक सेल दीड व्होल्टच्या आसपासचे, छोटे. हा दादा वेगळा. पेटीत शोधून त्यांना सीआर २०१६ सापडले, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचे. मी म्हटलं, “काका, एकावर एक दोन ठेवले तर? १.६ आणि १.६, बरोबर ३.२!” गणितात मी कधी एवढी चमकले नव्हते.

“जाडी जुळंल ताई,” काका शांतपणे म्हणाले. “पण तीन आन् तीन सहा व्होल्ट होतील. चावी जळंल तुमची.”

घ्या! तुमच्याही सोसायटीखालचा कुणी ‘ॲडजस्ट करतो’ म्हणाला, तर माढ्याच्या काकांचं हे वाक्य लक्षात ठेवा. त्यांनीच पुढे सांगितलं, “कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडं जावा.” आणि तिथे खरंच मिळाला! कारण डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर बहुधा हाच सीआर २०३२ असतो. वीज गेली तरी मशिनला तारीख-वेळ आठवते ती याच्या जिवावर. ऑफिसचा जुना डेस्कटॉप सुरू करताच कुठलीतरी भलतीच जुनी तारीख दाखवायला लागला, की समजायचं त्याचा सेल गेला. तर कार ॲक्सेसरीजच्या चकाचक दुकानाची वाट बघायची गरज नाही. पन्नास रुपयांत काम! फक्त पाकीटबंद, नावाजलेल्या कंपनीचा आणि तारीख बघून घ्यायचा. डब्यात सुटे टाकलेले सेल एकमेकांना घासून आधीच अर्धे मेलेले असतात.

घरी येऊन ओट्यावर पेपर पसरला. प्रेक्षक : मामा, मामी, वहिनी, कडेचं बाळ सुटून ओट्यावर, आणि भिंतीला टेकून काळ्या चष्म्यात आजी, एखाद्या हिरॉइनसारखी. जुना सेल काढण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो घेतला, म्हणजे प्लसची बाजू वर होती की खाली हे विसरायला नको. नवा सेल कडेला धरून बसवला. तो दोन्ही सपाट बाजूंना चिमटीत धरायचा नाही, आणि लोखंडी चिमट्यानं तर नाहीच, कारण प्लस-मायनस जोडले गेले की सेल तिथेच वाया जायला लागतो. बोटाचा तेलकटपणा आतल्या पट्ट्यांना लागू द्यायचा नाही. हिरव्या सर्किटला हात लावायचा नाही. दोन्ही भाग जुळवून दाबले. कट्!

बटण दाबलं. टुंक! गाडीनं दोन्ही डोळे मिचकावले.

मामानं टाळी वाजवली. पुन्हा दाबलं. टुंक! पुन्हा कोडिंग-बिडिंग काही करावं लागलं नाही. नुसती बॅटरी काढली म्हणून बहुतेक चाव्या गाडीला विसरत नाहीत. सगळे गाडीकडे बघत होते. मी तर फाटकापर्यंत जाऊन रेंज तपासत होते. एकदम सॉलिड वाटत होतं. मेकॅनिक नाही, सर्व्हिस सेंटर नाही, पाच मिनिटं, पन्नास रुपये!

आणि मागून आजीचा आवाज आला, “अगं, लेकराच्या हातात रुपाया हाय बग!”

वहिनींनी झडप घातली. चौदा महिन्यांच्या मुठीतून, अगदी ओठांना लागता लागता, त्यांनी तो काढून घेतला. रुपया नव्हता तो. मी पेपरवर ठेवलेला जुना सेल होता.

बाळ रडायला लागलं. मामी म्हणाली, “निघाला ना, झालं तर मग.” माझे मात्र हातपाय गार पडले, कारण आदल्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर या सेलबद्दल वाचता वाचता मी तेही वाचलं होतं. वाचलं आणि ‘आपल्याकडे कुठे’ म्हणून पुढे सरकवलं होतं. त्या पिवळ्या मेसेजसारखंच.

मंडळी, आता थोडं सिरियस. लहान मुलानं रुपया गिळला तर डॉक्टरांना दाखवावंच लागतं, पण बहुतेक वेळा तो आपल्या वाटेनं निघून जातो. हा सेल तसा नाही. २० मिलिमीटरचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकण्याएवढा मोठा असतो. तिथे ओलावा लागला, की सेलचं सर्किट पूर्ण होतं आणि त्याच्या मायनस बाजूला कॉस्टिक सोड्याच्या जातीचं, मांस जाळणारं रसायन तयार व्हायला लागतं. सेल फुटायला लागत नाही, गळायलाही लागत नाही. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘संपलेला’ सेलही हे करू शकतो. गाडीला हाक मारायला जी ताकद पुरत नाही, ती एवढ्याशा गळ्याला जाळायला पुरते.

दोन तास. मी मनातल्या मनात हिशेब केला. असं झालं असतं तर एक्स-रे काढून, दुर्बीण घालून सेल बाहेर काढणारे डॉक्टर गाठायला बार्शी नाहीतर सोलापूर. त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ रस्त्यावरच गेला असता. आणि हे शुक्रवारी पहाटे झालं असतं तर? गाडी ढिम्म आणि मी माळवदावर रेंज शोधतेय!

वहिनींना मी हे सगळं सांगितलं. तुम्हालाही सांगते. मुलानं सेल गिळला अशी नुसती शंका आली, तरी ‘बघू या, बाहेर पडेल’ करायचं नाही. त्याला काहीही होत नसल्यासारखं दिसू शकतं. किंवा नुसती लाळ गळते, खोकला येतो, खाणं नको म्हणतं. थेट एक्स-रेची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये जायचं आणि ‘नाणं’ नाही, ‘बटण सेल’ म्हणून सांगायचं. वाहन नसेल तर १०८. उलटी करायला लावायचं नाही, काही खाऊ-पिऊ घालायचं नाही. अपवाद एकच. मूल एक वर्षाच्या वरचं असेल, त्याला गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर हॉस्पिटलच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, असा सल्ला अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रानं २०१८ मध्ये दिला. मधाचा थर जळणं थोडं लांबवतो. पण मध शोधण्यात पाच मिनिटंही घालवायची नाहीत, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही. सेल नाकात किंवा कानात गेला तरी हीच घाई.

हे काही माझं एकटीचं टेन्शन नाही. अमेरिकेत असा सेल गिळल्यामुळे दीड वर्षाची एक मुलगी दगावली. त्यानंतर २०२२ मध्ये तिच्या नावानं तिथे कायदा झाला : घरगुती वस्तूंमधले असे सेल लहान मुलाला सहज उघडता येता कामा नयेत. काही कंपन्या तर सेलवर डेनाटोनियम बेंझोएट नावाचा भयंकर कडू थर देतात, म्हणजे तोंडात गेलाच तर मूल थुंकून टाकेल. (हा थर कधी कधी पट्टीच्या आड येतो आणि नवा कोरा सेल चालत नाही. असं झालं तर चावीला शिव्या न देता थर नसलेला सेल लावून बघा.) पण कडू लागलं तरी मूल गिळूही शकतं, तेव्हा त्या थरावर विसंबायचं नाही.

आपल्याकडे २०२१ पासून खेळण्यांना सरकारी मानक सक्तीचं झालं. खेळण्यातल्या सेलच्या झाकणाला स्क्रू असतो, तुम्ही बघितलं असेल. पण गाडीची चावी कुठे खेळणं आहे? आणि घराघरात रडणाऱ्या मुलाला आपण पहिलं काय देतो? चावी! माझ्याच चावीनं हे बाळ गुरुवार रात्रीपासून खेळत होतं. चावत होतं, आपटत होतं. मी कौतुकानं फोटो काढत होते. जी चावी मी एका नाण्यानं चार सेकंदांत उघडली, ती चावी.

तर आता माझी नवी पद्धत ऐका. नवा सेल पाकिटातून काढायच्या आधी चिकटपट्टी हाताशी ठेवायची. जुना निघाला, की त्याच क्षणी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी. मग तो डबीत, आणि डबी वरच्या फळीवर. पट्टीमुळे तो दुसऱ्या सेलला किंवा नाण्याला लागून तापायचीही भीती राहत नाही. कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. बॅटरीवर फुली मारलेल्या डब्याचं चित्र असतं, ते उगाच नाही. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर टाकली आहे. आपण निदान त्या ई-कचऱ्याच्या पेटीपर्यंत नेऊन पोचवू शकतो. माझा जुना सेल पट्टी लावून, डबीत, माझ्याबरोबर पुण्याला आला. आणि एक : पाकीटबंद जादा सेल घेऊन ठेवायचा असेल तर तो गाडीत ठेवू नका. का, ते आता सांगायला नको!

रविवारी निघताना आजी काळा चष्मा सांभाळत ओट्यापर्यंत आली. म्हटलं, “आजी, दिसतंय ना नीट?”

“दिसतंय की. तुझ्या गाडीवर किती धूळ हाय ती पण दिसतीय.”

ज्या डोळ्यासाठी पहाटे पावणेसहाला एवढा तमाशा झाला, तो डोळा पट्टी सुटल्याच्या दिवशीच कामाला लागला होता. बाकी आम्हा सगळ्यांचे धडधाकट डोळे तेव्हा गाडीवर होते.

परवा वहिनींचा फोन आला. बाळ मजेत आहे. आता रडायला लागलं, की त्याला चावीऐवजी स्टीलची वाटी आणि चमचा मिळतो. आवाज फार होतो म्हणे. होऊ दे.